मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, हिशेब अनेक

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे प्रथमच निघालेल्या आईवडिलांना आप्तेष्ट जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुधा एकच असतो : विमानाला किती तास लागतात? त्याचे उत्तरही आता घरोघरी पाठ झालेले आहे. मुंबईहून वाटेत कोठेही न उतरता न्यूयॉर्कला जाणारे विमान असेल, तर साधारण पंधरा ते सोळा तास. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. या दोन विमानतळांमधील अंतर कोणत्याही ऋतूत बदलत नाही. मात्र ते कापण्यास लागणारा वेळ वाऱ्याप्रमाणे, देशांच्या सीमांप्रमाणे आणि प्रवाशाच्या वयाप्रमाणे बदलत असतो. ज्या कुटुंबाचे एक घर महाराष्ट्रात आणि दुसरे न्यू जर्सीत आहे, त्याने हा हिशेब निवांतपणी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण एखाद्या रात्री अवचित फोन येतो आणि तोच हिशेब काही मिनिटांत मांडावा लागतो.

दोऱ्याने मोजलेले अंतर

मुंबई शहर ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे ७३ रेखांशांवर आहे, तर न्यूयॉर्क पश्चिमेस सुमारे ७४ रेखांशांवर. म्हणजे शून्य रेखावृत्त मध्ये धरले, तर ही दोन महानगरे त्याच्या दोन बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर उभी आहेत. भिंतीवरील सपाट नकाशा पाहणाऱ्याला वाटते की, विमान अरबी समुद्र, अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेकडे जात असावे. परंतु पृथ्वी सपाट नाही. घरातील मुलांच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत एक दोरा ताणून धरला, की तो पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे, किंबहुना उत्तरेच्याच अधिक जवळ झुकलेला दिसतो. गोलावरील या सर्वांत लहान मार्गाला भूगोलशास्त्रात बृहद्वृत्त म्हणतात.

या दोऱ्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. पृथ्वीचा संपूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे हा प्रवास पृथ्वीप्रदक्षिणेच्या जवळजवळ एकतृतीयांश होय. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने जायचे ठरवले, तर अंतर १४,००० किलोमीटरांच्या पुढे जाते. उत्तरेकडे वळसा घेतल्यासारखी दिसणारी वाटच प्रत्यक्षात दीड हजार किलोमीटरांहून अधिक जवळची आहे.

हा दोरा ज्या भूमीवरून जातो, तिची यादी ऐकली तरी मन थक्क होते. मुंबईहून निघून सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडील कझाकस्तानचा ओसाड प्रदेश, मॉस्कोचा परिसर, फिनलंड आणि स्वीडन, पुढे आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, कॅनडातील लॅब्राडोर आणि शेवटी अमेरिकेतील मेन राज्य. या मार्गाचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू सुमारे ६५ अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्तापासून केवळ दोन अंश अलीकडे येतो. कोकणपट्टीच्या दमट हवेतून निघालेला प्रवासी शालीत गुरफटून झोपलेला असताना, त्याच्या पायाखालून जवळजवळ अर्धा उत्तर गोलार्ध सरकून जातो.

आकाशातील कुंपणे

परंतु दोऱ्याची वाट ही केवळ गणिताची वाट आहे. प्रत्यक्षात आकाशालाही सीमा आहेत. प्रत्येक देशाची हवाई हद्द ही त्या देशाची मालमत्ता मानली जाते आणि तीतून जाण्यास त्याची अनुमती लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाचे आकाश अमेरिकी व अनेक युरोपीय कंपन्यांच्या विमानांना बंद झाले. भारतीय विमानांना ते खुले राहिले. परिणामी, एकाच दिवशी एकाच शहराकडे निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वाटा भिन्न होऊ लागल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. मुंबई समुद्रकाठी असल्याने तिच्या विमानांना अरबी समुद्रावरून निघणे तुलनेने सोयीचे, म्हणून त्यांना ही झळ कमी पोहोचली. तरीही दोऱ्याची सरळ वाट सिंधवरूनच जात असल्याने ती त्यांनाही मोकळी उरली नाही.

म्हणून तिकिटावर छापलेला प्रवासाचा अवधी हा करार नव्हे, तो अंदाज असतो. कोणत्याही महिन्यात एखाद्या दूरच्या देशात संघर्ष पेटला, की त्याच अंतरासाठी अर्धा-एक तास अधिक लागू शकतो. वृद्ध आईवडील विमानात बसलेले असताना विमान वेळेवर उतरले नाही, म्हणून घाबरून जाणाऱ्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

जाताना सोळा, येताना चौदा

मोठे प्रवासी जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. त्या वेगाने १२,५०० किलोमीटर अंतर सुमारे चौदा तासांत संपावे. मग न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास आणि परत येताना तेरा-चौदा तास, असा भेद का पडतो? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उतारू पुढच्या दाराकडे गेला काय आणि मागच्या दाराकडे गेला काय, त्याला तेवढीच पावले टाकावी लागतात, तसेच हे.

खरे कारण वाऱ्याचे आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर समशीतोष्ण प्रदेशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि त्यांच्या गाभ्यातील वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही पुढे जातो. पूर्वेकडे येणारे विमान या प्रवाहाच्या पाठबळाने पुढे ढकलले जाते; पश्चिमेकडे जाणाऱ्याला त्याच्याशी झुंजावे लागते किंवा त्याला चुकवून जावे लागते. नदीच्या ओघात जाणारी होडी आणि ओघाविरुद्ध वल्हवली जाणारी होडी यांचाच हा न्याय आहे. रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून त्या त्या दिवसाचा मार्ग आखला जातो, त्यामुळे काल जी वाट धरली तीच आज धरली जाईल असे नाही. कित्येकदा अधिक लांबीची वाट कमी वेळात संपते.

घड्याळाची गंमत आणि सूर्याचा प्रश्न

भारताचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, तर न्यूयॉर्कचे हिवाळ्यात पाच तास मागे. दोहोंतील अंतर साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे सरकवली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणली जातात. म्हणून उन्हाळ्यात हे अंतर साडेनऊ तासांचे होते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता निघालेले विमान साडेपंधरा तासांनी पोहोचले, तर मुंबईत सायंकाळचे पाच वाजलेले असतात. परंतु हिवाळ्यातील न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेच्या सकाळचे साडेसहा. घड्याळ पाहिले तर प्रवास पाच तासांचा. शरीराला विचारले तर साडेपंधरा तासांचा. उलट न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेले विमान चौदा तासांत मुंबईला पोहोचले, तरी येथे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. एक संपूर्ण दिवस जणू हिशेबातून खर्ची पडतो.

जैन कुटुंबाला याहून सूक्ष्म प्रश्न पडतो, तो सूर्याचा. रात्रीभोजनत्याग पाळणारा, चौविहार करणारा प्रवासी सूर्यास्तापूर्वी आहारपाणी आटोपतो आणि सूर्योदयानंतर दोन घटिकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, नवकारशी पाळतो. घरी हा नियम सहज पाळला जातो. विमानात मात्र सूर्यास्त कोणता आणि सूर्योदय कोणता?

डिसेंबरअखेरचा एक दिवस उदाहरणादाखल घेता येईल. मुंबईत सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री दीड वाजता विमान सुटते आणि पश्चिमेकडे, म्हणजे रात्र ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, धावू लागते. हिवाळ्यात उत्तरेकडील आकाशात दिवस लहान. त्यामुळे विमानाच्या खिडकीबाहेर सर्व प्रवासभर अंधारच राहतो आणि न्यूयॉर्कला उतरतानाही तो ओसरलेला नसतो. तेथे सूर्योदय सकाळी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो. त्या वेळी मुंबईचे घड्याळ दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळचे सहा वाजण्याच्या बेतात असते. याचा अर्थ, मुंबईत मावळलेला सूर्य प्रवाशाला पुन्हा दिसतो तो जवळजवळ चोवीस तासांनी. नवकारशीची ४८ मिनिटे त्यात मिळवली, की पाण्याच्या थेंबाविना चोवीस तासांहून अधिक काळ झाला. वयाच्या सत्तरीत, मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही साधी गोष्ट नाही. घरच्या बारा-तेरा तासांच्या चौविहाराची सवय असलेल्या आजींना हा आकडा निघण्यापूर्वी सांगणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.

जूनमध्ये याच्या अगदी उलट होते. उत्तरेकडील वाटेने विमान गेले, तर काही तासांतच ते अशा प्रदेशात शिरते, जेथे त्या ऋतूत रात्र केवळ नावापुरती असते. सूर्य उगवतो, पण वर चढत नाही. कारण विमान त्याच्यापासून दूर पश्चिमेकडे पळत असते. तासन् तास तो क्षितिजालगत तांबूस प्रकाश देत रेंगाळतो. परतीच्या प्रवासाचे गणित आणखी निराळे. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून दुपारी निघालेले विमान सूर्याच्या विरुद्ध दिशेने येत असल्यामुळे निघाल्यापासून अडीच-तीन तासांतच सायंकाळ होते आणि सात-आठ तासांत ती रात्र संपूनही जाते.

अशा वेळी नियम निघालेल्या गावाच्या वेळेने पाळावा, पोहोचण्याच्या गावाच्या वेळेने पाळावा, की डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यावर विसंबावे, याचा निर्णय विमानात बसल्यावर करण्याचा नव्हे. तो आधीच आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावा आणि औषधांच्या वेळांबाबत वैद्यकीय सल्लाही त्याच्या जोडीला घ्यावा. पच्चक्खाण घेताना पूर्ण माहिती असली, म्हणजे मनाची ओढाताण होत नाही.

आहाराविषयी एक व्यावहारिक सूचना येथे आवश्यक वाटते. विमान कंपन्यांच्या यादीत जैन आहार हा स्वतंत्र प्रकार असतो व त्याची सांकेतिक अक्षरे व्हीजेएमएल अशी आहेत. त्यात कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असतात. मात्र तो निघण्यापूर्वी किमान चोवीस तास, काही ठिकाणी त्याहूनही आधी, सांगून ठेवावा लागतो. आशियाई शाकाहार या नावाच्या ताटात कांदा-लसूण असू शकतो. आणि हिंदू आहार या नावाने मिळणारे ताट तर बहुधा मांसाहारी असते. नावावर विसंबून हे ताट मागवणाऱ्याची पंचाईत होते. खाकरा, सुका मेवा, घरचे कोरडे पदार्थ जवळ असणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु ताजी फळे व भाज्या अमेरिकेत उतरताना सोबत नसाव्यात, कारण सीमाशुल्क तपासणीत त्या जाहीर कराव्या लागतात आणि बहुधा काढून घेतल्या जातात.

दोन महिन्यांपासून पंधरा तासांपर्यंत

आजच्या पंधरा तासांचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती गोपाळराव मागे राहिले. जून महिन्याच्या प्रारंभी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा घर सोडून जवळजवळ दोन महिने लोटले होते. ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीप्रमाणे घरी नेले, त्यांचे गाव रोझेल. न्यू जर्सीतील हे गाव आजच्या नेवार्क विमानतळापासून काही मैलांवर आहे. १८८६ मध्ये पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या; परंतु आजाराने पोखरलेला देह फार काळ टिकला नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. त्या काळात सातासमुद्रापलीकडची बातमी पत्राने पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे जात.

दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले होते. साधूंच्या आचारात वाहन वर्ज्य. समुद्रप्रवासाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्यांच्या वतीने महुवा येथील तरुण श्रावक वीरचंद राघवजी गांधी अमेरिकेस गेले. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना परतल्यावर आपल्याच लोकांचा रोष सहन करावा लागला. आज त्याच अमेरिकेत ठिकठिकाणी जिनालये उभी आहेत. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ज्या क्वीन्स विभागात आहे, त्याच विभागातील एल्महर्स्ट येथे जैन मंदिर आहे आणि न्यू जर्सीतील फ्रँकलिन टाउनशिपमध्येही मोठे जैन केंद्र आहे.

आकाशमार्ग खुला झाला तो टप्प्याटप्प्याने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. त्या वेळी तेथील विमानतळ आयडलवाइल्ड या नावाने ओळखला जाई, अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर १९६३ च्या अखेरीस त्याला त्यांचे नाव देण्यात आले. वाटेत न थांबता मुंबई ते न्यूयॉर्क हे एअर इंडियाचे उड्डाण सुरू झाले १ ऑगस्ट २००७ रोजी. दोन महिन्यांची वाट सव्वाशे वर्षांत एका रात्रीवर आली.

दारापासून दारापर्यंत

तथापि विमानतळ म्हणजे घर नव्हे. सांगलीत राहणाऱ्या दांपत्याला न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलीच्या घरी जायचे असेल, तर त्यांचा प्रवास सहार विमानतळावर सुरू होत नाही. सांगली ते मुंबई मोटारीने सात-आठ तास. विमान सुटण्याच्या तीन-चार तास आधी विमानतळावर हजर राहणे आवश्यक. मग पंधरा-सोळा तासांचे उड्डाण. न्यूयॉर्कला पारपत्र तपासणीची रांग, सामानाची प्रतीक्षा, सीमाशुल्क. त्यात एक-दोन तास. पुढे शहराच्या रहदारीतून एडिसनपर्यंत आणखी दीड-दोन तास. बेरीज केली, तर तीस तास सहज होतात. दुबई, दोहा वा युरोपातील एखाद्या शहरी विमान बदलले, तर त्यात पाच-सात तासांची भर. तरुणांना थेट उड्डाण सोयीचे; काही वृद्धांना मात्र मध्ये दोन-तीन तास पाय मोकळे करायला मिळणे मानवते. मोठ्या विमानतळावर विमान बदलताना भाषा आणि अंतर या दोन्ही अडचणी असतात, म्हणून चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती मागण्यात कमीपणा मानू नये.

इतका वेळ आसनावर बसून राहण्याचा ताण शरीरावर पडतो. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. पाणी कमी पडते, पायांना सूज येते, आणि फार वेळ पाय न हलवल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालणे, बसल्या जागी टाचा व घोटे हलवणे, व्रतात बसेल तेवढे पाणी घेणे आणि रोजची औषधे हातातील पिशवीतच ठेवणे, एवढे तरी प्रत्येकाने करावे. पोहोचल्यावर दिवसाची रात्र झालेली असते. झोप व भूक रुळावर येण्यास आठवडाभरही लागू शकतो. पहिल्याच दिवशी आईबाबांना नायगारा दाखवण्याचा उत्साह मुलांनी आवरता घ्यावा.

फोन आल्यानंतरचे छत्तीस तास

आता उलट दिशेने पाहावे. हिवाळ्यातील एका सोमवारी रात्री दहा वाजता एडिसनमधील घरी सांगलीहून फोन येतो. सांगलीत मंगळवारच्या सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. वडिलांची प्रकृती गंभीर आहे. त्याच रात्रीचे विमान मिळणे दुरापास्त. मंगळवारी दुपारी बाराचे थेट विमान मिळाले, तेही आसन रिकामे असेल तर, आणि ते चौदा तासांत पोहोचले, तर मुंबईत बुधवारच्या दुपारचे साडेबारा होतात. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत एक-दीड तास, पुढे सांगलीपर्यंत सात-आठ तास. मुलगी घराच्या उंबरठ्यावर येते तेव्हा बुधवारी रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. सर्व काही मनासारखे घडूनही फोनपासून छत्तीस तासांहून अधिक. आपल्याकडे अंत्यसंस्कार बहुधा त्याच दिवशी होतात. थांबायचे की नाही, हा प्रश्न मग घरातील सर्वांत दुःखी माणसासमोर येऊन उभा राहतो.

हे छत्तीस तास कोणत्याही नव्या विमानाने फारसे कमी होणारे नाहीत. वाढू मात्र शकतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा आकाशात नसून कपाटात असते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मुलाला भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड वा व्हिसा लागतो. त्याच्या तेथे जन्मलेल्या मुलांनाही लागतो. पारपत्राची मुदत संपलेली असेल, तर सर्वांत वेगवान विमानही निरुपयोगी. इकडून तिकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्यासच गेल्या काही वर्षांत कित्येक महिने लागल्याचा अनुभव आहे. बाळंतपणाला आईने यावे, अशी इच्छा असणाऱ्या लेकीने विमानाचे तास मोजण्याआधी हे महिने मोजावेत.

यातून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. आजारपणाच्या फोनवर धावत येणे कोणाच्या हाती पूर्णपणे नसते. परंतु सर्वजण धडधाकट असताना येणे-जाणे हाती असते. वर्षातून एकदा, ते न जमल्यास दोन वर्षांतून एकदा, घरी यायचा महिना आधीच ठरवून टाकणाऱ्या मुलांचे आईवडील त्या महिन्याकडे डोळे लावून बसतात व त्यातच त्यांचे बाकीचे महिने सुखाने जातात. वडीलधाऱ्यांनीही आपल्या पश्चात कोणाची वाट पाहावी वा पाहू नये, हे मनमोकळेपणाने सांगून ठेवले, तर मागे राहणाऱ्यांवरील मोठे ओझे उतरते. काही घरांत आजोबांनी स्वतःच सांगितलेले असते : माझ्यासाठी कोणी थांबू नये, मुलांनी सावकाश यावे. अशा घरांतून दूर राहणारा मुलगा उशिरा पोहोचला, तरी त्याच्याकडे कोणी दोषाच्या नजरेने पाहत नाही.

येत्या पर्युषणात वा दिवाळीत जेव्हा दोन्हीकडची मंडळी फोनवर एकमेकांना भेटतील, तेव्हा क्षेमकुशल विचारून झाल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पारपत्राची मुदत केव्हापर्यंत आहे, आणि पुढच्या भेटीचा महिना कोणता?